ह्यात मी कुठाय? – घराण्याच्या नोंदीमागची गोष्ट

गेल्या दिवाळीत आमच्याकडं घराण्याच्या फाईलवरून चांगलीच जुंपली. फाईल म्हणजे काय तर कॉम्प्युटरवर एक फोल्डर, त्यात वंशावळ, जुने फोटो, कोण कुठं राहतं, कुणाचं लग्न कधी झालं, आज्जी शेंगदाण्याची पोळी कशी करायची असलं सगळं, आणि दरवर्षी दिवाळीला प्रिंट काढून, स्पायरल मारून एकेक प्रत पलूस, इस्लामपूर, पुणे, जिथं जिथं आमची माणसं आहेत तिथं द्यायची. तर थोरल्या आत्यानं प्रत उघडली, वंशावळीचं पान बघितलं आणि म्हणाली, "ह्यात मी कुठाय?" नव्हतीच ती. पाच भाऊ होते, त्यांची पोरं होती, पोरांची पोरं होती, आत्या तिघीही नव्हत्या. फाईल करणारा मीच, त्यामुळं बोलणी मीच खाल्ली, पण खरं सांगायचं तर मी मुद्दाम गाळलं नव्हतं, मी जिथनं उतरवून घेतलं तिथंच त्या नव्हत्या. मग हे "जिथनं" म्हणजे कुठनं, ते बघत गेलो आणि पार मागं जाऊन पोचलो.

आपल्या भागात ह्या कामातलं पहिलं नाव हेळव्याचं, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी चोपडीत लिहिणाऱ्याचं आणि म्हणून दाखवणाऱ्याचं. सांगली, कोल्हापूर आणि खाली बेळगावकडं ज्यांची शेती आहे त्यांना हेळवी सांगायला नको. कन्नडमध्ये हेळव म्हणजे पांगळा, पायी न चालता बैलावर बसून गावोगाव यायचा म्हणून ते नाव. घरात कन्नड, आपल्या दारात आला की मराठी. कुणाची गावं कुठली, कुणाची घराणी कुठली हे त्यांच्यात वाटून ठरलेलं असतं, जशी आपल्यात रानं वाटतात तशी. मी लहान असताना आलेला एक मला आठवतो, म्हणजे तो तेवढा आठवत नाही, त्याची चोपडी आठवते, लाल फडक्यात बांधलेली, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, आणि उघडली की तंबाखूचा वास. ओसरीवर घोंगडं टाकून दिलं, तो बसला आणि मूळ गाव कुठलं, तिथनं कोण उठला, कुठं आला, त्याला पोरं किती, असं एका सुरात म्हणत म्हणत आमच्या आज्ज्यापर्यंत आला आणि थांबला. मग पेन काढलं आणि विचारलं, "मागल्या खेपेनंतर काय?"

हा प्रश्न मला आता फार भारी वाटतो. तेव्हा आम्हाला मजा वाटली कारण आमची नावं चोपडीत जाणार होती. आज्जी एकेक नाव सांगत गेली, तो लिहीत गेला, आणि आज्जी मुलींची नावं सांगायला लागली तसा तो म्हणाला, "त्या त्यांच्या घरी लागतील." त्यांच्या घरी म्हणजे सासरी. तिथं तरी लागल्या का? तिथल्या चोपडीत फार तर अमक्याची बायको. पायलीभर ज्वारी, एक धोतर आणि वर थोडे पैसे घेऊन तो गेला. पूर्वी म्हणे गाय नाहीतर कालवड द्यायचे.

हेळव्यासारखंच काम नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरचे तीर्थोपाध्याय करतात. तिथं आडनाव आणि गाव सांगितलं की बरोबर त्या घराण्याची वही निघते, आणि गंमत म्हणजे तिथं नुसती नावं नसतात, आलेल्या माणसाची सही असते, कधी त्याच्या हातची दोन ओळींची नोंद. सोबत आलेली बाईमाणसं तिथं कधीकधी सापडतात कारण यात्रेला आई आणि बायको बरोबर असायच्या. बायकांची नावं टिकायची दुसरी जागा म्हणजे श्राद्ध. बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, त्यामुळं ज्या घरात म्हाळ नीट होतो तिथं तीन पिढ्यांच्या बायका तरी कुणाच्या तरी तोंडात असतात. चौथी पिढी लागली की पणजी गळते.

आता घरातल्या कागदांचं. जुन्या घरात रुमाल असायचा, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. आमच्यातला माळ्यावर होता. मला वाटायचं ह्यात आपल्या घराण्याचा इतिहास असणार, आणि सोडून बघितलं तर सगळी खतं, गहाणवट, बांधाची भांडणं. पण जरा वाचलं तेव्हा कळलं की आपल्याकडं घराण्याची हकीकत लिहायची पद्धतच मुळात भांडणातनं आलीय. वतनावरून वाद झाला की दोन्ही बाजू आपापला करीना लिहून द्यायच्या, म्हणजे आमचा मूळ पुरुष कोण, वतन कसं मिळालं, मग कोण मेलं, कोण परागंदा झालं, कुणी बळकावलं, असं पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं. मग गोतसभा, म्हणजे गावकी-भावकीची पंचसभा बसायची, साक्षी व्हायच्या आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद लिहिला जायचा. त्यामुळं त्या कागदात कोण येणार? ज्याचा हक्क तोच. लेकीबाळी वतनाच्या वाटणीत नाहीत म्हणजे कागदात नाहीत. आत्याचं नाव कुठं गेलं त्याचं अर्धं उत्तर मला इथंच मिळालं.

हे कागद मोडीत. मोडी म्हणजे हात न उचलता लिहायची लिपी, आधी ओळ मारायची आणि त्या ओळीला अक्षरं लटकवत जायचं. आमच्या आज्ज्याला यायची, वडलांना सहीपुरती, मला ओ की ठो नाही. मी एका मोडी वाचणाऱ्या मास्तरांकडं गेलो तर त्यांनी आधी तारीख बघितली आणि मला बोटं मोजायला लावली. जुन्या मराठी कागदात सन अरबी शब्दात असतो, एक म्हणजे इहिदे, दोन इसन्ने, तीन सलास, साठ म्हणजे सीतैन, शंभर मया, हजार अलफ. "इहिदे सीतैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१ झाले. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, वर्ष मृगापासनं धरतात म्हणून दोन आकडे, आले १७६०-६१, म्हणजे पानपताचं वर्ष. आमचा कागद एवढा जुना नव्हता हो, एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा होता, पण मोजायची रीत कळली. शक असेल तर सोपं, ७८ मिळवा. फसली, म्हणजे महसुलाचं सन असेल तर ५९०.

असले रुमाल बाहेर काढायचं मोठं काम आपल्याच भागात झालंय हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे आणि शाळा सांभाळून पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं वाचून काढायचे, १८९७ पासनं त्यांनी ती ऐतिहासिक लेखसंग्रह म्हणून छापायला घेतली. पुढच्याच वर्षी, १८९८ ला, इतिहास संशोधक वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड आला, त्यातले पानपताच्या काळातले कागद वाईला मिळालेले. साताऱ्यात पारसनीसांनी असंच ढिगानं जमवलं. ही सगळी मोठ्या घरांची दप्तरं. बारक्या घरांचे रुमाल कोण बघतंय, ते किराणा दुकानात पुड्या बांधायला गेले नाहीतर चुलीत. आणि गांधीहत्येनंतर १९४८ ला सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली तेव्हा त्या घरांतली दप्तरं पण जळाली. आमच्या गावातल्या तसल्या एका वाड्याची नुसती जोती राहिलीत, पोरं तिथं क्रिकेट खेळतात.

सरकारी कागद त्या मानानं टिकले. गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवायचा, गाव नमुना १४, सगळे त्याला कोतवाल बुकच म्हणतात. त्यात मुलगी जन्मली तरी नोंद असते, पण कशी, तर बापाचं नाव आणि पुढं नुसतं "मुलगी". नाव नाही, बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. इतकी वर्षं ह्या वह्यांना कुणी विचारत नव्हतं. २०२३ ला मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. आमच्या भावकीतली जी माणसं माझ्या फाईलला "रिकामटेकडं काम" म्हणायची त्यांचेच फोन, "पणज्याच्या बापाचं नाव काय रे आपल्या?" मी म्हटलं दिवाळीला प्रत दिलीय की, बघा. प्रत सापडत नव्हती.

कागद वाचताना अजून एक घोटाळा होतो. आज्ज्याच्या एका खरेदीखतावर जिल्हा "द. सातारा" आहे, माझा पुतण्या म्हणाला हे दिल्लीतलं काय? तर १९४९ ला सातारा तोडून दक्षिण सातारा जिल्हा केला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे आमचं घर जागचं हललं नाही आणि जिल्हे तीन झाले. तारखांचं तर बोलूच नका. फाईलमध्ये चौघांचा वाढदिवस १ जूनला आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी १ जून टाकला. मधला काका कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आठ दिवसांचा होता, आज्जी त्याला सुपात घालून पहाटे अंगणात पळाली हे सगळ्यांना पाठ. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे जन्म ३ डिसेंबरच्या आगंमागं. दाखल्यावर १ जून १९६६. दीड वर्ष आधीच रिटायर झाला बिचारा. आता मी दोन्ही तारखा लिहितो आणि पुढं कोण म्हणतंय तेही लिहितो. पणजी गेली ती मानमोडीत, म्हणजे १९१८ च्या साथीत, तिथं एवढंच लिहिलंय.

दुसऱ्यानं आपलं लिहायचं सोडून आपणच आपलं लिहायचं ही गोष्ट आपल्याकडं तशी अलीकडची. कुलवृत्तांत, म्हणजे आपल्या घराण्याची माहिती पुस्तक करून छापायची लाट विसाव्या शतकात आली, तीही ठरावीक घराण्यांत. मला त्यापेक्षा किर्लोस्करवाडीचं उदाहरण आवडतं. १९२० ला तिथनं किर्लोस्कर खबर निघालं ते कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून, आणि सुधारत सुधारत ते अख्ख्या महाराष्ट्रात वाचलं जाणारं मासिक झालं, पुढं १९३० ला त्यातनंच स्त्री मासिक निघालं. आमची फाईल कुठं आणि ते कुठं, पण सुरुवात घरच्यांना कळवण्यापासनंच.

आमच्यात पहिला प्रयत्न थोरल्या काकांनी केला. नव्वदच्या दशकात त्यांनी वंशावळ आणि आठवणी मिळून चाळीस पानं डीटीपीवाल्याकडनं टाइप करून घेतली, फ्लॉपी जपून ठेवली. ती फाईल मी उघडली तर पानभर ब्रॅकेट, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेली मराठी सोंगं, तो फॉन्ट नसला की आतलं सोंग उघडं पडतं. युनिकोडमुळं ती कटकट गेली. पण काकांची चाळीस पानं मी प्रिंटवरनं परत हातानं टाइप केली, आणि त्या नादात त्यांच्या चुका तर उतरवल्याच, माझ्या वर घातल्या. आत्या गळाल्या त्या तिथंच. काकांनी वंशावळ हेळव्याकडनं घेतलेली, मी काकांकडनं.

फोटोंचं दुखणं वेगळं. ॲगफा क्लिकच्या रोलवर बारा फोटो निघायचे, म्हणून लग्नात जेवणावळीचा एक, वरातीचा एक, असे मोजून. काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून ठेवलेले, मध्ये बटर पेपर. ते सगळे सांगलीत धाकट्या काकांच्या तळमजल्यावर ट्रंकेत होते आणि २०१९ चा महापूर आला. इर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर अल्बमची वीट झालेली. घाईघाईनं काकूनं पानं ओढून सोडवली, त्यात फोटोचा वरचा थर निघून दुसऱ्या पानाला चिकटला, आज्ज्याच्या तोंडावर कुणाच्या तरी साडीचा काठ आलाय. खरं तर ओले चिकटलेले फोटो वाळू द्यायचे नसतात आणि ओढायचेही नसतात, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्यायचे आणि सावलीत पसरायचे. हे आम्हाला नंतर कळलं. एकशे दहापैकी सत्तावीस वाचले. तेव्हापासनं फोटो स्कॅन करून तीन घरात तीन पेन ड्राइव्ह, आणि ते दर दिवाळीला उघडून बघायचे, नुसते कपाटात ठेवायचे नाहीत.

आता यंदाचं काम. आत्यांना घालायचं ठरलं तर पहिलाच प्रश्न, कुठल्या नावानं? आमच्यात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. थोरल्या आत्याचं माहेरचं नाव एक, ताटातलं दुसरं, आधार कार्डावर ताटातलं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. एका धाकट्या पुतणीनं सुचवलं दोन्ही घाला आणि आडनावं पण दोन्ही. मग काकूंचं काय, आज्जीचं काय, त्यांची पण माहेरची नावं शोधायला लागलो, आज्जीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं, शेवटी तिच्या माहेरी भाळवणीला फोन केला तर तिच्या भाच्यानं सांगितलं, चिंगी. पाळण्यातलं काय ते त्यालाही माहीत नाही. चिंगी लिहिलंय.

प्रिंट काढायच्या आधी कच्ची प्रत घेऊन आत्याकडं गेलो. तिनं चष्मा लावला, आपलं नाव बघितलं, दोन्ही बघितली, मग पेन्सिल मागितली आणि स्वतःच्या नावाखाली एक बारीक रेघ ओढून अजून एक नाव लिहिलं. तिची पहिली मुलगी, सहा महिन्यांची होऊन गेलेली. आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. तारीख विचारली तर म्हणाली, दुष्काळाच्या वर्षी, उसाला पाणी नव्हतं तेव्हा. मी १९७२ लिहिलं आणि पुढं कंसात "आत्या सांगते".