बकल, झटपट सुटणारे

झटपट सुटणारे बकल : पट्ट्याची दोन टोके पक्की धरून ठेवणारी आणि बोटांनी दाबताच ती मोकळी करणारी जोडणी. पाठीवरची बॅग, हेल्मेट, जीवरक्षक जाकीट, कमरेचा पाऊच, रेनकोट, कुत्र्या-मांजरांचे गळपट्टे, मोटारीतील सीट बेल्ट अशा अनेक वस्तूंवर ती दिसते. काट्याच्या जुन्या बकलात पट्टा ओवून, ओढून भोकात काटा बसवावा लागतो आणि सोडताना तोच पट्टा आधी आणखी ताणावा लागतो. झटपट सुटणाऱ्या बकलात लांबी जुळवण्याचे काम आणि जोडण्या-सोडण्याचे काम वेगवेगळ्या भागांकडे दिलेले असते, त्यामुळे एकदा बेतलेली लांबी रोज नव्याने बेतावी लागत नाही.

या बकलाच्या रचनेत दोन परस्परविरोधी मागण्या एकत्र येतात. नको तेव्हा ते सुटता कामा नये आणि हवे तेव्हा अडता कामा नये. यांपैकी कोणत्या मागणीला किती झुकते माप द्यायचे हे बकल कोण उघडणार, किती भाराखाली उघडणार आणि त्या वेळी त्याचा एक हात मोकळा असेल की दोन, यावर ठरते. हे न ठरवता केवळ ‘मजबूत बकल’ बनवू पाहणारा रचनाकार बहुधा उघडायला कठीण असे बकल बनवतो.

पट्टा एका क्षणात सोडण्याची गरज प्रथम तीव्रतेने जाणवली ती विमानविद्येत. पॅराशूटने पाण्यात उतरलेल्या किंवा वाऱ्याने जमिनीवरून फरफटत चाललेल्या वैमानिकाला चार-पाच पट्टे एकेक करून सोडणे शक्य नसते. म्हणून दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश हवाई दलाच्या पॅराशूटांवर छातीपाशी एक धातूची पेटी असे. तिची चकती फिरवून तिच्यावर हाताने आघात केला की सर्व पट्टे एकदम मोकळे होत. मोटारींसाठी व्हॉल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन याने १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीट बेल्ट आणला. डेल्रिन हे ॲसिटल जातीचे प्लॅस्टिक ड्युपॉंट कंपनीने १९६० च्या सुमारास बाजारात आणल्यावर स्प्रिंग आणि बकलाचे अंग एकाच तुकड्यात ओतणे व्यवहार्य झाले. दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे प्लॅस्टिकचे बकल १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. अमेरिकेतील इलिनॉय टूल वर्क्स या कंपनीचे नाव त्याच्याशी निगडित आहे.

रचना व यांत्रिकी : चिमटीच्या बकलाचे दोन भाग असतात. कारखान्यांत त्यांना सरसकट मेल आणि फिमेल म्हणतात. मेल भागाला दोन लवचिक बाहू आणि बहुधा त्यांच्यामध्ये एक ताठ जीभ असते. जीभ भार घेत नाही. भाग तिरका शिरू नये म्हणून ती वाट दाखवते. बाहूंच्या टोकांना बाहेरच्या अंगाला आकडे असतात. फिमेल भाग पोकळ खोक्यासारखा असून त्याच्या दोन्ही कडांना खिडक्या असतात. मेल भाग आत सरकवला की आकड्यांचा पुढचा उतार खोक्याच्या ओठाला घासून बाहूंना आत दाबतो आणि खिडकीपाशी येताच बाहू टक्कन बाहेर उसळतात. हा आवाज म्हणजे बकल लागल्याची पावती असते. परंतु लोकलच्या डब्यात तो ऐकू येत नाही. तेथे वापरायच्या बकलात आकडे खिडकीबाहेर इतके यावेत की न पाहता बोटाला कळेल.

बाहू हा एका टोकाला घट्ट रोवलेल्या तुळईसारखा वाकतो आणि सर्वाधिक ताण त्याच्या मुळाशी येतो. सारख्या जाडीच्या बाहूच्या मुळाशी होणारी विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात पडणारी ताणाताण, ही जाडी आणि टोकाचे विस्थापन यांच्या गुणाकाराच्या दीडपटीला लांबीच्या वर्गाने भागून मिळते. उदाहरणार्थ, बाहू २० मिमी लांब व २ मिमी जाड असेल आणि त्याचे टोक २ मिमी आत दबत असेल, तर विकृती दीड टक्का भरते. बकल आटोपशीर दिसावे म्हणून तोच बाहू १४ मिमीचा केला, तर ती तीन टक्क्यांवर जाते. विकृती कमी करण्यासाठी बाहू टोकाकडे निमुळता करतात. टोकाची जाडी मुळाच्या निम्मी ठेवल्यास तेवढ्याच विस्थापनासाठी मुळाची विकृती सुमारे ४० टक्क्यांनी घटते. जाडी वाढवण्याचा मोह मात्र महागात पडतो. रुंदी व लांबी तीच ठेवून जाडी दुप्पट केली, तर विकृती दुप्पट होते आणि दाबायला लागणारे बल आठपट होते. बाहू जेथे अंगाला मिळतो त्या आतल्या कोपऱ्याला गोलाई दिलेली नसेल, तर सारा ताण त्या एका रेषेवर साचतो आणि बकल तेथेच तुटते. फुटपाथवर बॅगा दुरुस्त करणाऱ्यांकडे येणारी चिमटीची बकले पाहिली, तर अनेकांचा एक बाहू नेमका मुळापासून गेलेला असतो आणि आकडा मात्र शाबूत असतो. असे बकल पाहून ग्राहक प्लॅस्टिकला नावे ठेवतो, पण पुष्कळदा दोष त्या कोपऱ्याचा असतो.

आकड्याच्या मागच्या अंगाला, म्हणजे खिडकीच्या काठावर टेकणाऱ्या खांद्याला, किती कोन द्यायचा हा या रचनेतील सर्वांत नाजूक निर्णय आहे. पट्टा ओढला गेला की खांद्यावरचे बल बाहूच्या मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगाला लागते, त्यामुळे बाहू आपोआप आत वळू पाहतो, म्हणजेच भार स्वतःच बकल उघडू पाहतो. याला तोंड देण्यासाठी खांद्याला किंचित उलटा उतार देतात. मग भार जितका वाढेल तितका आकडा काठात अधिक रुततो. पण हाच उतार अति झाला, तर ओढ असताना चिमटीने बकल उघडत नाही. उतार मुळीच नसला तरी घर्षण असतेच. पट्ट्यावर २०० न्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २० किलोची ओढ आहे आणि घर्षणगुणांक ०.२५ आहे असे धरल्यास प्रत्येक बाहूला केवळ घर्षणापोटी सुमारे २५ न्यूटन जादा दाब द्यावा लागतो. तरुणाच्या अंगठ्याला हे जमते. संधिवाताने आखडलेल्या बोटांना किंवा पहिलीतल्या मुलाला जमत नाही.

म्हणून जेथे भाराखाली सोडणे अपरिहार्य असते तेथे चिमटीचे बकल वापरत नाहीत. सीट बेल्टमध्ये पोलादी जीभ आणि तिला अडवणारी खिटी असते; कळ दाबण्याची दिशा आणि ओढीची दिशा वेगवेगळ्या ठेवून ओढीचा फारच थोडा अंश बोटापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था केलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १६ नुसार कळ लाल हवी, बकलाचा अन्य कोणताही भाग त्या रंगाचा नको आणि चाचणीनंतर ते उघडायला ६० न्यूटनहून अधिक बल लागता कामा नये. मुलांच्या आसनांसाठीच्या नियम ४४ मध्ये मर्यादा दोन्ही बाजूंनी घातलेली आहे. भार नसताना उघडण्याचे बल ४० न्यूटनपेक्षा कमी नको, कारण मूल खेळता खेळता ते उघडेल. आणि ८० न्यूटनपेक्षा जास्त नको, कारण मोठ्या माणसाला घाईत ते उघडता आले पाहिजे. पॅराशूटमध्ये बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात तीन कड्यांची युक्ती आणली. मोठ्या कड्यातून मधले आणि मधल्यातून लहान कडे ओवलेले असते. प्रत्येक कडे तरफेप्रमाणे भार कमी करत जाते आणि शेवटी भाराचा अगदी थोडा अंश एका दोऱ्याच्या फासावर येतो, आणि तो फास हलक्या हाताने सोडवता येतो. याच्या उलट टोकाला गिर्यारोहण आणि सुरक्षा दलांसाठीची धातूची बकले आहेत, ज्यांत पट्ट्यावर भार असेपर्यंत कळा दाबूनही ती उघडू नयेत अशी मुद्दाम योजना असते.

साहित्य व मुंबईचे हवामान : चिमटीची चांगली बकले ॲसिटल किंवा नायलॉनची असतात, स्वस्त बकले पॉलिप्रॉपिलिनची. ॲसिटल वाकवून सोडले की पुन्हा पहिल्या आकारात येते, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि त्याचे घर्षणही कमी असते. नायलॉन चिवट असते, पण हवेतील ओलावा शोषून मऊ पडते. साच्यातून नुकतेच काढलेले कोरडे नायलॉन जितके ताठ असते त्याच्या जवळपास निम्म्यावर त्याचा ताठपणा दमट हवेत येऊ शकतो. मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो आणि हवा सतत ओली राहते. येथे नायलॉनचे बकल मोजायचे तर त्या अवस्थेतच मोजावे, वातानुकूलित खोलीतील नमुन्यावरून अंदाज बांधू नये. ॲसिटलचे वैगुण्य ऊन हे आहे. दिवसभर उन्हात उभ्या दुचाकीच्या आरशाला अडकवलेल्या हेल्मेटचे बकल अतिनील किरणांनी ठिसूळ होते. बहुतेक बकले काळी असतात त्यामागे फॅशनखेरीज हेही कारण आहे, कारण काजळी हे किरण अडवते. पोलादी स्प्रिंग घातलेली बकले समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंजतात आणि स्प्रिंग अडकली की कळ दाबलेलीच राहते.

अशी बकले इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक दाबाने साच्यात भरणाऱ्या, मशीनवर निघतात. प्लॅस्टिकचा दाणा किती निर्मळ यावर पुष्कळ काही अवलंबून असते. रनरचा (साच्याच्या वाहिनीत गोठून उरलेल्या प्लॅस्टिकचा) व टाकाऊ नगांचा दळलेला माल ताज्या दाण्यात थोड्या प्रमाणात मिसळणे सर्वमान्य आहे, पण प्रमाण वाढले की बाहू लवण्याऐवजी कडकन तुटतात आणि बाहेरून पाहून हे ओळखता येत नाही. ॲसिटल जास्त तापले तर त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. मशीनजवळ डोळे चुरचुरू लागले की तापमान चुकले आहे हे कारागिराला मापक न पाहता कळते. मेल भागाचा साचा सरळ उघडतो. फिमेल भाग पोकळ असल्याने त्याच्या साच्यात बाजूला सरकणारे गाभे लागतात व साच्याचा खर्च तेथे वाढतो. ॲसिटल थंड होताना सुमारे दोन टक्के आकसते, तेव्हा २५ मिमीच्या खिडकीत अर्ध्या मिमीचा फरक साच्यातच धरावा लागतो.

पट्टा धरणारा भाग दुर्लक्षित राहतो, हे योग्य नव्हे. बकल न तुटता नुसता पट्टा घसरत गेला तरी बॅग ढिली पडतेच. पट्टा दोन आडव्या दांड्यांतून वळवून घेतात आणि ओढ आल्यावर पट्टा स्वतःवरच दाबला जाऊन घट्ट होतो. गुळगुळीत विणीची नवार ओली झाली की ही पकड कमी होते, म्हणून दांडीच्या कडेला बारीक दाते ठेवतात. दाते फार धारदार केले तर तेच नवारीचे धागे कुरतडतात.

मुंबईतील उपयोग : गर्दीच्या वेळी लोकलमध्ये बॅग पाठीवरून छातीवर घेण्याची रीत आहे. अशा वेळी दोन खांद्यांचे पट्टे जोडणारे छातीचे बकल आडवे येते आणि उतरताना दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकते. उघडे राहिले तर त्याची लोंबती टोके दाराच्या दांड्यात गुंततात. यासाठी लहान, कडा गोल केलेले आणि एका हाताने उघडणारे बकल लागते, कारण दुसरा हात वरच्या कडीला धरलेला असतो. ओळखपत्राच्या फितीला मानेमागे जे छोटे बकल असते त्याची रचना उलट आहे. ते ठरावीक ओढीला आपणहून सुटलेच पाहिजे, नाहीतर फीत गळ्याला फास लावते. बाजारात मिळणाऱ्या अनेक फितींना ते नसते आणि कार्यालये स्वस्त फीत घेताना त्याचा विचार करत नाहीत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट नुसते डोक्यावर असून भागत नाही, ते पट्ट्याने पक्के बांधलेले हवे. मुंबईत २०२२ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती कडकपणे लागू झाली. तरी सिग्नलला थांबलेल्या कित्येकांच्या हनुवटीखाली बकल लोंबत असते, आणि याला आळसाइतकेच लाल कळीच्या बकलाचे अडखळणेही कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२२ च्या दुरुस्तीने चार वर्षांखालील मुलांना दुचाकीवर नेताना चालकाला बांधणारा, ३० किलोपर्यंत भार पेलणारा पट्टा आवश्यक केला. त्याचे बकल मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी, पण पडल्यावर चालकाला सापडेल असे असावे लागते. मोटारीतील सर्व प्रवाशांना सीट बेल्टची सक्ती मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून झाली पण बेल्ट न लावता केवळ इशाऱ्याचा आवाज बंद करणाऱ्या नुसत्या जिभाही विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री संकेतस्थळांवरून त्या काढायला लावल्या. गेटवेहून घारापुरी व मांडव्याला जाणाऱ्या बोटींतील जीवरक्षक जाकिटांवर मात्र साधे चिमटीचे बकल योग्य ठरते, कारण ते लावणे कोणालाही न शिकवता कळते.

कपड्यांवरच्या बकलाला भार थोडा, पण धुलाई फार. ते चपटे व शरीराच्या वळणाला अनुसरून किंचित वाकलेले असावे, त्याच्या फटीत धागा अडकू नये. ॲसिटल सुमारे १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळते, तर सुती कापडासाठी इस्त्री याहून गरम ठेवतात. तेव्हा बकल शिवणीत कायमचे न अडकवता फितीच्या फासात काढता-घालता येईल असे ठेवणे सोयीचे असते.

बदली व दुरुस्ती : नवारीची रुंदी २०, २५, ३८ व ५० मिमी अशी ठरलेली असली तरी बकलाच्या आतील मापांचा समान नमुना नाही. दोन कंपन्यांची २५ मिमीची बकले एकमेकांत बसतीलच असे नाही. एक बाहू तुटला तरी दोन्ही भाग बदलावे लागतात आणि दुरुस्तीवाले ती जोडीनेच ठेवतात. पट्ट्याची शिवण उसवावी लागू नये म्हणून काही बकलांच्या दांडीला तिरकी फट ठेवलेली असते. नवारीची कड वाकवून तीतून सरकवली की सुई-दोऱ्याशिवाय बकल बसते.