गुडघा दुखतोय? आधी बोट ठेवून दाखवा

लांब पल्ल्याचं धावणारा माणूस गुडघा धरून आला, की जाणकार फिजिओथेरपिस्ट हातातली फाइल बाजूला ठेवायला लावतो आणि म्हणतो, "नेमकं कुठं दुखतंय ते बोटानं दाखवा." काहींचं बोट एका जागी ठरत नाही. ते वाटीभोवती गोल फिरतं, नाहीतर सगळा तळहातच गुडघ्यावर येतो आणि "आत कुठंतरी, वाटीच्या मागं" असं उत्तर मिळतं. काहींचं बोट गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर, नेम धरल्यासारखं टेकतं. काहींचं वाटीच्या खालच्या टोकाशी. धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीचा मोठा वाटा या तीन जागांत येतो, आणि पहिल्या दोन्हींचं निदान बहुतेकदा एक्स-रे किंवा एमआरआयशिवाय होतं.

कॅनडात व्हँकुव्हरच्या एका क्रीडावैद्यक केंद्रात आलेल्या धावपटूंच्या २००२ दुखापतींचा अभ्यास २००२ सालीच प्रसिद्ध झाला. (आकडा आणि साल एकच, त्यामुळे पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते.) त्यांतल्या ४२ टक्के दुखापती गुडघ्याच्या होत्या. पहिला क्रमांक वाटीमागच्या दुखण्याचा, दुसरा बाहेरच्या अंगाच्या दुखण्याचा.

वाटीमागच्या दुखण्याला डॉक्टर पॅटेलोफिमोरल पेन म्हणतात. धावणाऱ्यांच्या ग्रुपवर तेच 'रनर्स नी' म्हणून फिरतं. गुडघा वाकला की वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत दाबली जाते. तो जितका जास्त वाकेल आणि मांडीचा स्नायू जितका जोरात ओढेल, तितका हा दाब वाढतो. धावताना तो शरीराच्या वजनाच्या काही पट होतो. म्हणून तक्रारी ठरलेल्या असतात: जिना उतरताना कळ, उकिडवं बसून उठताना कळ, आणि बराच वेळ पाय दुमडून बसलं की गुडघा आखडणं. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या शेवटच्या लक्षणाला थिएटरचं नाव आहे. पुण्याहून एसटीनं निघून दादरला उतरणाऱ्याला ते न सांगता कळेल. तपासणीही साधीच: अर्धं बसून उठायला सांगायचं. हे दुखणं असलेल्या दहापैकी साधारण आठ जणांना त्या हालचालीत वाटीभोवती दुखतं. बसता-उठता गुडघ्यातून कटकट आवाज आला की 'वंगण संपलं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सोबत दुखणं किंवा सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला फारसा अर्थ नाही.

बाहेरच्या अंगाचं दुखणं वेगळ्या स्वभावाचं. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्यांपैकी अनेकांना त्याची ओळख असते. २०१२ पासून होणारी ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं पुढं जाते आणि त्याच वाटेनं परत येते. चढताना धाप लागते, पण गुडघा गप्प असतो. उतार लागला की काही किलोमीटरांत बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ येते. थांबलं, चाललं की थांबते. पुन्हा धावलं की शंभर-दोनशे मीटरांत परत हजर. दर वेळी ठरावीक अंतरानंतर कळ येणं ही या दुखण्याची पक्की खूण आहे. यालाच आयटी बँडचं दुखणं म्हणतात. आयटी बँड म्हणजे कमरेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत मांडीच्या बाहेरून उतरणारा जाड, चिवट पट्टा. गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असताना हा पट्टा हाडाच्या उंचवट्यावर सर्वांत जास्त दाब देतो, आणि उतारावर सावकाश पाय टाकताना गुडघा नेमका त्याच कोनात वारंवार येतो.

१९७५ साली रेन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं मरीन सैनिकांमध्ये हे दुखणं नोंदवलं, तेव्हा त्याला घर्षणाचा आजार ठरवलं गेलं. पट्टा हाडावरून पुढं-मागं घासतो आणि सूज येते, असा समज तीस वर्षं टिकला. २००६ साली शरीररचनातज्ज्ञांच्या एका गटानं मृतदेहांचं विच्छेदन आणि एमआरआय यांच्या आधारे दाखवलं, की हा पट्टा हाडाला तंतूंनी बांधलेला असतो. तो घासणार तरी कसा? त्याच्याखाली मज्जातंतूंनी भरलेला चरबीचा थर असतो, तो दाबला जातो आणि तोच दुखतो. हा बदल केवळ पुस्तकी नाही. दुखऱ्या जागेवर फोम रोलर, म्हणजे कडक फोमचा जाड लाटण्यासारखा रूळ, दाबून डोळ्यांत पाणी येईपर्यंत घासणारे धावपटू प्रत्येक मैदानावर दिसतात. पट्टा इतका चिवट असतो, की रोलरनं तो लांब होत नाही. आधीच दाबल्या गेलेल्या चरबीवर आणखी दाब मात्र पडतो. रोलर वापरायचाच तर वर, मांडीच्या आणि कुल्ह्याच्या स्नायूंवर वापरावा. गुडघ्याजवळ नको.

तिसरी जागा, वाटीच्या खालचं टोक. इथं मांडीच्या स्नायूचं बळ नडगीच्या हाडाकडं नेणारी कंडरा दुखते. सुरुवातीला दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वचपा काढतं. हे उड्या मारणाऱ्या खेळाडूंत जास्त. लांब पल्ल्याच्या धावपटूंत त्यामानानं कमी.

काही लक्षणांत मात्र बोटाचा खेळ बंद करून डॉक्टरकडं जायला हवं. मुरगळल्यावर काही तासांत गुडघा सुजून टरटरीत होणं. गुडघा मध्येच अडकणं आणि सरळच न होणं. चालताना अचानक दगा देणं. लाल, गरम गुडघा आणि सोबत ताप. रात्री झोपेतून उठवणारी वेदना. वाटीऐवजी खालच्या हाडावर बोट ठेवलं की एकाच बिंदूवर दुखणं, कारण ते हाडातली बारीक चीर असू शकते. आणि एक फसवं दुखणं: खुब्यातल्या हाडाच्या मानेला चीर गेली, तर कधीकधी वेदना गुडघ्याकडं जाणवते. जांघेत दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारता येत नसेल, तर एक पाऊलही धावू नये. पाळी अनियमित झालेल्या किंवा बंद पडलेल्या, खाणं कमी आणि धावणं जास्त असलेल्या मुलींमध्ये हाडाच्या चिरेची शंका लवकर घ्यायला हवी. पाळी चुकणं हे 'चांगल्या ट्रेनिंगचं लक्षण' समजणारे प्रशिक्षक अजून आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

यांपैकी काहीच नसेल, तरी एमआरआय काढला जातोच. रिपोर्टमध्ये 'ग्रेड २ टीअर', 'झीज' असे शब्द येतात आणि तो व्हॉट्सॲपवरून नात्यातल्या तीन डॉक्टरांकडं फिरतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात बैठं आयुष्य असलेल्या आणि गुडघ्याची कसलीही तक्रार नसलेल्या ११५ जणांचे दोन्ही गुडघे शक्तिशाली एमआरआय यंत्रात तपासले. सरासरी वय ४४. जवळजवळ सगळ्या गुडघ्यांत, म्हणजे ९७ टक्क्यांत, काही ना काही बिघाड दिसला. ३० टक्क्यांत मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, फाटलेली होती. त्यांना काहीच दुखत नव्हतं. तेव्हा चाळिशीतल्या धावपटूच्या गुडघ्यात फाटलेली गादी दिसली, तर दुखण्याचं कारण सापडलंच असं होत नाही. आधी बोट आणि हकिगत. मग, त्यांच्याशी जुळत असेल तर, चित्र. हा क्रम उलटला की नको ती ऑपरेशनं होतात. फिनलंडमध्ये २०१३ साली याची परीक्षा झाली. वयोमानानं फाटलेली गादी असलेल्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांची गादी दुर्बिणीतून कापून नीट केली, निम्म्यांवर ऑपरेशनचं नुसतं नाटक केलं. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

"धावून धावून गुडघे झिजवलेस" हे घरातलं पेटंट वाक्य. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकडेवारीत हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांना खुब्याचा किंवा गुडघ्याचा संधिवात होता, न धावणाऱ्यांपैकी १०.२ टक्क्यांना. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे दुखतात ते धावणं सोडतात आणि 'न धावणाऱ्यां'त मोजले जातात, त्यामुळे धावणं हे औषध आहे असा निष्कर्ष काढायची घाई मी करणार नाही. पण हौसेनं धावल्यानं गुडघे झिजतात, या म्हणण्याला आधार मिळत नाही एवढं खरं.

मग दुखतं कशानं? बहुतेकदा पेलवेल त्यापेक्षा एकदम जास्त भार पडल्यानं. आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका, हा नियम प्रत्येक धावपटूला पाठ असतो. नेदरलँड्समध्ये २००८ साली तो ५००हून जास्त नवशिक्यांवर तपासला. एका गटानं १३ आठवड्यांत हळूहळू अंतर वाढवलं, दुसऱ्यानं ८ आठवड्यांत. दोन्हीकडं साधारण पाचातला एक जण जखमी झाला. २०२५ साली पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या घड्याळांतल्या नोंदींवरून यापेक्षा उपयोगी गोष्ट पुढं आली. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एखादीच धाव घात करते. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० ते ३० टक्के जास्त धावलेल्यांत दुखापतीचा धोका ६४ टक्क्यांनी वाढला, आणि अंतर दुपटीपेक्षा जास्त केलेल्यांत दुपटीहून जास्त.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, हे इथं आठवावं. पावसाळ्यात सुरू झालेलं ट्रेनिंग ऑक्टोबर-नोव्हेंबरात रंगात येतं आणि नेमकी दिवाळी येते. दोन-तीन रविवार फराळात जातात. मग वेळापत्रकात २८ किलोमीटर लिहिलंय आणि ग्रुप निघालाय, म्हणून १८ वरून थेट २८. डिसेंबरात फिजिओथेरपिस्टकडं गर्दी होते ती उगाच नाही.

बरं होण्याबद्दल मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी चाचणी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात झाली. २०१८ साली तिचे निष्कर्ष आले. वाटीमागं दुखणारे ६९ धावपटू, तीन गट. पहिल्या गटाला फक्त भार कसा सांभाळायचा ते शिकवलं. दुसऱ्याला त्यासोबत स्नायूंचे व्यायाम दिले. तिसऱ्याची त्यासोबत धावण्याची ढबही बदलली. आठ आठवड्यांनी तिन्ही गट जवळजवळ सारखेच सुधारले. सर्वांना समान मिळालेली गोष्ट एकच होती, भाराची शिकवण. ती अशी: धावणं पूर्ण बंद करू नका. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर धावताना वेदना दोनच्या वर जाऊ देऊ नका, आणि थांबल्यावर तासाभरात ती आधीच्या पातळीला यायला हवी. लांब धावा तोडून छोट्या करा, आठवड्यात जास्त वेळा धावा, वेग कमी ठेवा, उतार आणि जिने टाळा. म्हणजे आठवड्यात चार वेळा दहा किलोमीटर धावणाऱ्यानं सहा वेळा पाच-पाच धावून पाहावं, तेही दुखलं तर मध्ये चालावं. सहन होतंय तसं आधी अंतर वाढवावं, वेग आणि चढ-उतार नंतर.

याचा अर्थ व्यायाम फुकट असा घेऊ नये. मांडी आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करणारे व्यायाम वाटीमागच्या दुखण्यावर उपयोगी पडतात हे इतर बऱ्याच चाचण्यांतून दिसलं आहे. फक्त ते करत असताना रविवारी ३० किलोमीटर चालूच ठेवले, तर व्यायाम काय करणार? कंडरेच्या दुखण्यात मात्र व्यायामच मुख्य उपचार. सावकाश, जड वजनाचे, आणि तीनेक महिने चिकाटीनं.

ढबीतला एक बदल करायला सोपा आहे. वेग तोच ठेवून पावलं जरा आखूड आणि जलद टाकायची. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मोजमापांत पावलांची गती १० टक्क्यांनी वाढवली, तेव्हा वाटीमागचा कमाल दाब १४ टक्क्यांनी घटला. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर आधी १६८ करून पाहावं. फोनवरचा मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून ठेका देणारं ॲप, पुरतो. मिनिटाला १८० पावलं हा आकडा सर्वांनी गाठायलाच हवा, असं काही नाही. नी-कॅप आणि टेप यांनी काही दिवस बरं वाटतं. तेवढ्यापुरते वापरावेत.

शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन स्टार्ट लाइनला उभं राहणं मात्र धोक्याचं. वेदना दबली की दोनची मर्यादा कळतच नाही, हे एक. दुसरं, मूत्रपिंड. २०१७ साली अतिदीर्घ पल्ल्याच्या शर्यतींतल्या ८० किलोमीटरच्या टप्प्यावर काही धावपटूंना आयब्युप्रोफेन आणि काहींना नुसती साखरेची गोळी दिली. मूत्रपिंडाला इजा झाल्याची लक्षणं आयब्युप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांत दिसली, साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्क्यांत. मुंबईची जानेवारीतली सकाळही आठनंतर घाम काढते. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन नको.

आयटी बँडवाल्यांचं परतणं थोडं वेगळं असतं. पहिले काही दिवस, कधी दोनेक आठवडे, कळ येईपर्यंतची धाव पूर्ण थांबवावी लागते, कारण चरबीचा तो थर एकदा चिडला की लवकर शांत होत नाही. सायकल आणि चालणं दुखत नसेल तर चालू ठेवावं. परतल्यावर सपाटीवरच्या थोड्या जलद, छोट्या धावा काहींना रेंगाळत केलेल्या जॉगिंगपेक्षा कमी दुखतात, कारण वेगात पाय टेकताना गुडघा त्या ३० अंशांच्या पुढं वाकलेला असतो. उतार सर्वांत शेवटी. साताऱ्यात सराव करणाऱ्यांनी तोवर घाट धावत चढावा आणि खाली यायला कुणाची तरी गाडी आधीच ठरवून ठेवावी.