मोतीबिंदूच्या हिशेबाने काचबिंदू पाहू नका

काचबिंदूचे निदान झाले की घरातून पहिला प्रश्न येतो, "ऑपरेशन कधी करायचे?" सध्या थेंब पुरेत असे डॉक्टरांनी सांगितले, की कुणीतरी धीर देते, "म्हणजे अजून पिकलेला नाही, घाई नको." हा प्रश्न आणि हा धीर, दोन्ही मोतीबिंदूचे आहेत. मोतीबिंदू बहुतेक घरांनी जवळून पाहिलेला असतो, त्याचा अनुभव सहसा चांगला असतो, आणि नेमका तोच अनुभव काचबिंदूला लावला जातो. सुशिक्षित घरांतही हा गोंधळ तितकाच आढळतो आणि तो निरुपद्रवी मुळीच नाही, कारण त्यापायी लोक औषध थांबवतात, तपासणी पुढे ढकलतात आणि जी नजर वाचवता आली असती ती गमावून बसतात.

मोतीबिंदूविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. बाहुलीच्या मागे असलेले नैसर्गिक भिंग वयोमानाने गढूळ होते, समोरचे धूसर दिसू लागते, रात्री समोरून येणारे दिवे डोळ्यांवर येतात, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. हॅरॉल्ड रिडली यांनी असे पहिले भिंग 1949 साली लंडनमध्ये बसवले आणि आज ही जगात सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. मागचे दृष्टिपटल आणि नस निरोगी असतील तर नजर परत येते.

काचबिंदू हा नसेचा आजार आहे. डोळ्याने टिपलेले चित्र मेंदूकडे नेणाऱ्या ऑप्टिक नर्व्हमध्ये साधारण 10 ते 12 लाख तंतू असतात आणि काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरत जातात. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होत असतो. अश्रूंशी त्याचा काही संबंध नाही. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे पारपटल, आणि बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा जिथे एकमेकांना मिळतात त्या कोनात एक बारीक जाळी असते, तिच्यातून हा द्रव बाहेर पडतो. निचरा कमी पडला की आतला दाब वाढतो, आणि नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी त्या दाबाचा ताण तंतूंवर येतो.

मोतीबिंदू पुढे गेला की बाहुली पांढरट दिसते, काचबिंदूत बहुधा बाहेरून काहीच दिसत नाही. मोतीबिंदूत सगळेच धूसर होते, काचबिंदूत सुरुवातीला कडेचे जाते. याद्यांमध्ये असे फरक रकानेच्या रकाने भरून दिलेले असतात आणि ते पाठ करून कुणाचेही फारसे भले होत नाही. ज्या एका फरकावाचून बाकी सगळे निरर्थक आहे तो असा: मोतीबिंदूने गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूने गेलेली नजर आजच्या कोणत्याही औषधाने, लेझरने किंवा शस्त्रक्रियेने परत येत नाही. भिंग बदलता येते. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही.

हे वाक्य बहुतेकांनी ऐकलेले असते, पण त्यातून काय निष्पन्न होते ते लक्षात घेतले जात नाही. मोतीबिंदूत थांबण्याची किंमत सहसा गैरसोय एवढीच असते: सहा महिने उशिरा शस्त्रक्रिया केली तर सहा महिने धूसर दिसेल आणि नंतर स्वच्छ दिसेल. काचबिंदूत थांबलेल्या काळात जे तंतू गेले ते कायमचे गेले, आणि नंतर कितीही उत्तम उपचार केले तरी सुरुवात उरलेल्या तंतूंपासूनच होते. म्हणूनच जगभरात अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदू वरच्या क्रमांकावर असला तरी कायमच्या, न सुधारणाऱ्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण काचबिंदू मानले जाते.

दुसरे असे की काचबिंदूचा प्रत्येक उपचार, थेंबापासून शस्त्रक्रियेपर्यंत, दाब कमी करण्यासाठी असतो, नजर सुधारण्यासाठी नसतो. यशस्वी उपचार म्हणजे पुढच्या वर्षीची तपासणी या वर्षीसारखीच येणे. "थेंब घालून दोन महिने झाले, काही फरक नाही, म्हणून बंद केले" हे वाक्य मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण फरक न पडणे हेच त्या थेंबांचे काम होते. शस्त्रक्रियेनंतर पट्टी काढल्यावर पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसेल अशी आशा कुणी नातेवाइकाने रुग्णाला लावून दिली असेल, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही तो माणूस फसवले गेल्यासारखा घरी जातो आणि पुढच्या तपासण्यांना येईनासा होतो. शस्त्रक्रियेपूर्वी हे स्वच्छ शब्दांत सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, असे माझे ठाम मत आहे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. मोतीबिंदूच्या रुग्णाला आपले कमी दिसते हे कळते, काचबिंदूच्या रुग्णाला ते बहुधा कळत नाही. अनेक चित्रांत काचबिंदूची नजर काळ्या चौकटीच्या आत दिसणाऱ्या गोल दृश्यासारखी दाखवतात, आणि ही चित्रे बंद व्हावीत असे मला मनापासून वाटते. रुग्णाला काळे काही दिसत नाही. जिथले तंतू गेले तिथली जागा मेंदू आजूबाजूच्या दृश्यावरून भरून काढतो, शिवाय दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. त्यामुळे माणूस वाचतो, टीव्ही पाहतो, भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची ओळही वाचतो, आणि तरीही दाराच्या चौकटीला खांदा लागतो, पायरी चुकते, बाजूने येणारे वाहन अचानक समोर उगवल्यासारखे वाटते. काळी चौकट दिसण्याची वाट पाहणारा माणूस ती कधीच न दिसता बरीचशी नजर गमावू शकतो.

म्हणून चष्म्याचा नंबर तपासून घेणे म्हणजे काचबिंदूची तपासणी नव्हे. कडेची नजर मोजायला फील्ड टेस्ट करतात. एका अर्धगोलाकार यंत्रात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या खुणेवर नजर स्थिर ठेवायची आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की हातातले बटण दाबायचे. यातले बरेच दिवे इतके मंद असतात की निरोगी डोळ्यालाही दिसू नयेत, कारण दिसणे आणि न दिसणे यांच्यामधली सीमाच यंत्राला शोधायची असते. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लोक घाबरतात, दिवा शोधायला नजर फिरवतात, अंदाजाने बटण दाबतात आणि निकाल बिघडवतात. पहिली चाचणी अनेकांची खराब येते. ती पुन्हा करायला सांगितली तर त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. नसेचे थेट निरीक्षण आणि ओसीटी या यंत्राने तंतूंच्या थराची जाडी मोजणे हे याच्या जोडीला हवे, कारण बरेच तंतू मेल्यावरच फील्ड टेस्टमध्ये डाग उमटतो.

डोळ्याचा दाब आणि काचबिंदू यांनाही सर्रास एकच मानतात. 10 ते 21 मिलिमीटर पारा (रक्तदाबासारखेच हे माप) हा दाब सर्वसाधारण समजला जातो, पण तो दिवसभर बदलत असतो, आणि पारपटल पातळ असेल तर यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते. काहींची नस 16 किंवा 17 दाबावरही खराब होत जाते, आणि तोही काचबिंदूच असतो. उलट दाब 25 असूनही कित्येकांची नस वर्षानुवर्षे निरोगी राहते. अशाच लोकांवर अमेरिकेत झालेल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले: पाच वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी 9.5 टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घेणाऱ्यांपैकी 4.4 टक्क्यांना. म्हणजे दाब हा धोका आहे, आणि तो कमी करण्याचा उपयोगही होतो, पण एकट्या आकड्यावरून निदान करता येत नाही. "प्रेशर नॉर्मल आले" एवढ्यावर समाधान मानून नसेची तपासणी टाळणे चुकीचे आहे.

प्रकारांपैकी दोन ओळखता आले पाहिजेत. वर जे वर्णन केले ते प्रामुख्याने खुल्या कोनाच्या काचबिंदूचे. तिथे निचऱ्याची वाट उघडी असते, पण जाळी नीट काम करत नाही. बंद कोनाच्या प्रकारात रंगीत पडदा पुढे सरकून ती वाटच अडवतो. हेही बहुधा गुपचूप घडते, परंतु कधीकधी कोन एकाएकी बंद होतो आणि डोळा लाल होतो, असह्य दुखतो, डोके ठणकते, उलट्या होतात, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. उलट्यांमुळे पोटाची आणि डोकेदुखीमुळे अर्धशिशीची औषधे देत रात्र काढली जाते. अशा वेळी काही तासांत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचणे आवश्यक असते. कोन खुला आहे की बंद हे गोनिओस्कोपीने, म्हणजे डोळ्यावर आरसे असलेली छोटी काच टेकवून पाहिल्यावरच नक्की कळते. ही तपासणी दोन-चार मिनिटांची असूनही ती न करताच वर्षानुवर्षे थेंब चालू असलेले रुग्ण आढळतात, आणि हे समर्थनीय नाही, कारण दोन्ही प्रकारांचा उपचार वेगळा आहे. बंद कोनात सहसा लेझरने रंगीत पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाला वाट करून देतात.

खुल्या कोनात सुरुवात थेंबांनी किंवा लेझरने होते. रात्री एकदा घालायचे लॅटानोप्रोस्टसारखे थेंब प्रभावी आहेत. त्यांनी डोळा लाल होऊ शकतो, पापण्यांचे केस वाढतात आणि डोळ्याचा रंग गडद होऊ शकतो. टिमोलॉल हे थेंबांचे दुसरे औषध मात्र दमा असलेल्यांना किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्यांना धोक्याचे ठरू शकते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आपला दमा सांगितलाच पाहिजे. थेंब घालण्याची रीतही कुणी दाखवत नाही: खालची पापणी ओढून एकच थेंब सोडावा, डोळा अलगद मिटावा, नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, आणि दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी घालावे. निचऱ्याच्या जाळीवरच्या लेझरला लोक उगाच बिचकतात. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2019 साली आले, या लेझरने सुरुवात केलेल्या सुमारे 74 टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. रोजचे थेंब विसरणाऱ्या माणसासाठी मी आधी लेझरचाच विचार करायला सांगेन. एवढ्याने दाब आटोक्यात येत नसेल तर ट्रॅबेक्युलेक्टमी करतात, म्हणजे द्रवाला बाहेर पडायला नवी वाट करून देतात, किंवा बारीक नळी बसवतात.

राहिला प्रश्न या दोन आजारांच्या एकमेकांशी असलेल्या संबंधाचा, कारण ते वेगळे असले तरी एकाच डोळ्यात नांदू शकतात. मोतीबिंदू फार दिवस तसाच ठेवला तर भिंग फुगून कोन बंद पाडते किंवा त्यातला अंश झिरपून जाळी तुंबवते आणि त्यातून काचबिंदू उद्भवतो. "पिकू द्या" हा जुना सल्ला मोतीबिंदूपुरताही आता टाकून द्यावा. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातलेले स्टिरॉइडचे थेंब दोन्ही आजार घडवू शकतात. बंद कोनाच्या काही रुग्णांत भिंग काढून टाकणे हाच उत्तम उपचार ठरतो, कारण जाड झालेल्या भिंगानेच पडदा पुढे ढकललेला असतो. आणि दोन्ही आजार असलेल्या माणसाची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावर धूसरपणा जातो, स्पष्ट दिसू लागते, आणि इथेच पुन्हा तोच घोटाळा होतो: आता डोळा बरा झाला असे समजून काचबिंदूचे थेंब बंद केले जातात. भिंग नवे असले तरी नस जुनीच असते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर कोणते थेंब थांबवायचे आणि कोणते चालू ठेवायचे हे कागदावर लिहून घ्यावे.

घरात एकाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना तो होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यांनी चाळिशीनंतर, काहीही त्रास नसताना, दाब, पारपटलाची जाडी, कोन आणि नस या चारही गोष्टी तपासून घ्याव्यात, आणि त्या सगळ्या झाल्या का हे निघण्यापूर्वी विचारावे.