सोलापूरच्या उन्हात लॅपटॉप ९० वर गेला तर घाबरायचं का?

मे महिन्यात दुपारी गेम लावला आणि प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा ९२-९३ डिग्री दिसला की पोरं घाबरतात, डिसेंबरात हाच गेम ७८ वर चालत होता म्हणून काहीतरी बिघडलंय असं धरून दुकानात पळतात. बहुतेक वेळा बिघडलेलं काहीच नसतं.

लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही हो, खोलीतलीच हवा आत ओढतो आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पातळ पत्र्यांमधून बाहेर फेकतो. उष्णता किती निघणार हे प्रोसेसर आणि त्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं, म्हणजे खोली २५ वरून ४० ला गेली की प्रोसेसर पण साधारण तेवढाच, १५ डिग्री वर सरकतो. म्हणून नुसता आकडा बघू नका, त्यातून खोलीचं तापमान वजा करा. तोच गेम, तेच सेटिंग आणि फरक हिवाळ्याइतकाच, तर मशीन ठणठणीत आहे. फरक महिन्यागणिक वाढत असेल तर मात्र कचरा अडकलाय किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधला उष्णता वाहून नेणारा लेप) वाळलीय.

इंटेलच्या बऱ्याच गेमिंग चिपची मर्यादा १०० डिग्री, एएमडीची मॉडेलप्रमाणे साधारण ९५ ते १०५. तिथं पोचलं की चिप स्वतःच स्पीड कमी करते, ते थ्रॉटलिंग, आणि एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, धाडकन पडतात. लगेच जळत नाही काही. माझ्या मते खेळताना ८५-९० चालतं, पण तासभर मर्यादेलाच चिकटून बसत असेल तर हात घालायलाच पाहिजे.

आपल्याकडं धुळीबरोबर कापसाचे तंतू असतात, शेजारी यंत्रमाग असेल तर विचारूच नका. मागचं झाकण उघडलं की पाती बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि आपण फसतो, कारण खरा थर पंखा आणि हीटसिंक जुळतात तिथं, नमद्यासारखी राखाडी पट्टी बनून बसलेला असतो. ब्लोअर मारताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. आणि चादरीवर लॅपटॉप ठेवून खेळू नका, आपली चादर जाड, खालची जाळी पूर्ण बंद होते.

एवढं करूनही दुपारी तापत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा, बहुतेक लॅपटॉपवर टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा नेहमीपेक्षा जास्तीचा स्पीड, बंद होतो. टर्बोला व्होल्टेज जास्त लागतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळं थोडा स्पीड सोडला तरी तापमान चांगलंच उतरतं, ग्राफिक्स कार्डवर भार टाकणाऱ्या गेममध्ये फरक फारसा जाणवत पण नाही.