बुरशीचे दाणे आणि यकृताचा डीएनए

खानदेशात घरात कुणाला कावीळ झाली की आजही आधी भुईआवळी शोधतात. बांधावरून मुळासकट उपटायची, धुवून वाटायची, रस ताकातून द्यायचा. झाडपाला यकृत सांभाळतो, हा विश्वास आपल्याकडे जुनाच. मात्र एखादा घटक यकृताच्या पेशीतला डीएनएसुद्धा वाचवू शकेल का, हा प्रश्न आला तो खराब शेंगांमुळे.

१९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिला बुरशी लागलेली होती. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. ही लांबची गोष्ट समजू नका. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत, नर्मदेपलीकडच्या भिल्ल पट्ट्यात, अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने ३९७ जण आजारी पडले, १०६ दगावले. गावातली कुत्रीही त्यातून सुटली नाहीत.

यकृत हे विष बाहेर टाकण्यासाठी त्याचं रूप बदलतं आणि ते बदललेलं रूपच डीएनएमधल्या ग्वानिन नावाच्या घटकाला जाऊन चिकटतं. तिथून पेशी बिघडायला सुरुवात होते. हेपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्ग असलेल्या माणसाला तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

यावर माणसांत झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. चीनमधल्या चिदोंग भागात, जिथे यकृताचा कर्करोग फार, १८० जणांना चार महिने गोळ्या दिल्या. काहींच्या गोळीत १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन होतं, म्हणजे पानांतल्या हरितद्रव्यापासून बनवलेला पदार्थ. रोज तीन वेळा, जेवणाआधी. २००१ मध्ये निष्कर्ष आले: डीएनएला विष चिकटल्याची लघवीतली खूण क्लोरोफिलिन घेणाऱ्यांत बाकीच्यांपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी. क्लोरोफिलिन विषाला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात फारसं जाऊ देत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

हळदीतल्या कर्क्युमिनचे असे गुण बरेचसे उंदरांत आणि काचेच्या बशीतल्या पेशींत दिसलेत. भुईआवळीचंही तसंच. १९८८ मध्ये मद्रासच्या एका अभ्यासाने हेपॅटायटिस बीवर मोठी आशा दाखवली, पण पुढच्या चाचण्यांत तसा गुण आला नाही. कावीळ झालेल्याची रक्ततपासणी तेवढ्यासाठी लांबवू नये.

शेंगा फोडताना आजी सुरकुतलेला दाणा दोन फाकांत उघडून बघायची. आत हिरवट-पिवळी बुरशी दिसली की तो वेगळा. आम्ही असे दाणे सरळ म्हशीच्या आंबोणात टाकायचो. तेच विष रूप बदलून दुधात उतरतं, हे तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.