टी-स्कोर कमी आला, पण हाडं ठिसूळ की मऊ?

संधिवातासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्या पेशंटच्या हातात डेक्सा स्कॅनचा रिपोर्ट येतो. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती घट्ट हे सांगणारा आकडा, उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की रिपोर्टवर ‘ऑस्टिओपोरोसिस’ (ठिसूळ हाडं) छापून येतं आणि शोध तिथेच थांबतो. पण डेक्सा फक्त हाडातलं खनिज मोजतो. ते का घटलं, हे सांगत नाही. ऑस्टिओमॅलेशियातही, म्हणजे हाडं मऊ पडण्याच्या आजारातही, असाच आकडा येऊ शकतो.

ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडच कमी झालेलं असतं. जे उरतं त्यात खनिज नीट भरलेलं असतं. संधिवाताची सूज हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवते, स्टेरॉइड हाड घडवणाऱ्या पेशींना दाबतं. ही घट स्टेरॉइडच्या पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सर्वांत वेगानं होते, म्हणजे सांध्यांना आराम पडल्यानं सगळे खूश असतात तेव्हाच! ऑस्टिओमॅलेशियात हाडाचा प्रथिनांचा सांगाडा असतो, पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरेसं बसत नाही. सळया बांधल्या, काँक्रीट ओतायचं राहिलं. कारण बहुधा ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता.

ऑस्टिओपोरोसिस हाड मोडेपर्यंत दुखत नाही; मणका दबला तरी कधीकधी नुसती उंची घटते. ऑस्टिओमॅलेशिया मात्र दुखतो. नडगी दाबली की कळ येते, बरगड्या आणि कंबर ठणकते, खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागतो. हे दुखणं सरळ संधिवाताच्या खात्यावर मांडलं जातं आणि स्टेरॉइडचा डोस वाढतो. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. (मांड्यांतली ताकद स्टेरॉइडनंही जाते, पण त्यात सहसा दुखत नाही.)

फरक रक्तात दिसतो. निव्वळ ऑस्टिओपोरोसिसमध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांतूनही रक्तात येणारं एन्झाइम) बहुधा नॉर्मल असतात. ऑस्टिओमॅलेशियात अल्कलाइन फॉस्फेटेज आणि पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढलेलं, ड जीवनसत्त्व तळाला. (ताजं फ्रॅक्चर असेल तरीही अल्कलाइन फॉस्फेटेज वाढतं, तेवढं ध्यानात ठेवावं.)

या तपासण्यांआधी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅब या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधांचं इंजेक्शन घेण्याची घाई नको. ड जीवनसत्त्व कमी असताना ही औषधं दिली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं: तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत पेटके. आधी ड आणि कॅल्शियम भरून काढायचं, मग डेक्सा पुन्हा करायचा. ऑस्टिओमॅलेशिया असेल तर आकडा तेवढ्यानंच बराच वर येतो. दोन्ही आजार एकत्रही असतात. तेव्हा उरलेल्या घटीसाठी हाडांचं औषध लागतंच.