भरतीच्या तोंडाशी: मुंबईतल्या कोळीवाड्यांचं सांडपाणी

मुंबईत मैला टोपल्यांतून वाहून नेणाऱ्यांना हलालखोर म्हणत. 1888 च्या महापालिका कायद्यात त्याच नावाचा करही होता. हे काम बंद करणारे कायदे आले ते थेट 1993 आणि 2013 साली.

भुयारी मलवाहिन्या 19व्या शतकाच्या उत्तरार्धात पडल्या. शहराचा बराच भाग उधाणाच्या पातळीखाली, त्यामुळे घाण नुसत्या उताराने जाईना. म्हणून वरळीला लव्ह ग्रोव्ह इथे पंप बसवून ती समुद्रात ढकलायची पद्धत पडली, आणि पुढचं सगळं नियोजन तिच्यावरच उभं राहिलं. 1990 च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून वरळी आणि वांद्र्याला समुद्राखालून बोगदे खणले गेले. चाळणीत कचरा अडवायचा, वाळू खाली बसवायची आणि उरलेलं किनाऱ्यापासून तीनेक किलोमीटरवर सोडायचं. विरघळलेली घाण यात तशीच राहते. मालाडचं पाणी तर एवढ्याच प्रक्रियेनंतर मालाडच्या खाडीत जायचं, आणि त्या खाडीच्या तोंडाशी एका बाजूला वेसावे (वर्सोवा), दुसऱ्या बाजूला मढ, दोन्ही कोळीवाडे. आता सांडपाणी शुद्ध करणारी सात नवी केंद्रं बांधली जात आहेत. त्यांची एकूण क्षमता रोज 2,464 दशलक्ष लिटर.

पण केंद्र कितीही मोठं असलं तरी त्यात पोहोचतं ते वाहिनीला जोडलेलं पाणी. कोळीवाड्यांतल्या कित्येक गल्ल्या आजही सेप्टिक टँकवर किंवा उघड्या नाल्यावर आहेत. कारण तांत्रिकही आहे. 150 मिलिमीटरच्या पाइपला साधारण 170 मीटरला 1 मीटर उतार लागतो. सपाट गल्लीत शंभर मीटर गेलं की पाइप साठ सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे भरतीच्या पाण्यात. तिथे पंप लागतो, पंपाला जागा लागते, आणि गल्ली असते चार फुटांची.

टाकीचंही तसंच. तिचे दोन कप्पे असतात, पहिला लांबीच्या दोन तृतीयांश. गाळ तळाला बसतो, साय वर तरंगते आणि मधलं पाणी टी आकाराच्या तोंडातून बाहेर पडतं. ते जिरायला शोषखड्डा हवा. पण किनाऱ्यावर हातभर खणलं की पाणी लागतं, मग जिरायचं कुठे? म्हणून टाकीचं तोंड नाल्यात सोडलेलं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, विशेषतः पावसाळ्यात भरती साडेचार मीटरच्या वर गेली की नाल्याचं पाणी पाइपातून उलटं येतं. आधी संडासाच्या भांड्यात बुडबुडे येतात, मग मोरी तुंबते आणि ओहोटी लागल्यावर तळाचा गाळ ढवळून नाल्यात उतरतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत हा त्रास जवळजवळ नसतो, त्यामुळे त्या दिवसांत केलेली पाहणी फसवी ठरते.

टाकीच्या तोंडाला बसवलेली उलट-झडप, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, इथे कामाची, पण मासळी धुतलेल्या पाण्यातले खवले आणि प्लास्टिक तिच्या बिजागरीत अडकतं आणि ती अर्धवट उघडी राहते. उधाणाच्या आदल्या दिवशी ती हाताने उघडून पाहावीच लागते. खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटमुळे टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू जास्त तयार होतो. त्याचं आम्ल छताचं काँक्रीट आतून खातं, म्हणून झाकणाच्या कडेची सळई उघडी पडलेली दिसली की छतावर वजन ठेवू नये. टाकीत कुणीही उतरू नये. हा वायू दोन श्वासांत माणूस पाडतो. दर दोन-तीन वर्षांनी मैला उपसणारी गाडी बोलावून गाळ उपसायचा तो नळी खाली सोडून, वरून. गाडी गल्लीत शिरत नाही, त्यामुळे लांब नळी असलेलीच मागवावी.